आधी वस्ती मोजून आणा

बसा. दार लावून घ्या. आज मी शिकवणार नाही, बोलणार आहे, आणि माझं बोलून होईपर्यंत कुणी मध्ये तोंड उघडायचं नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचा तुमच्या गटाने केलेला आराखडा मी वाचला. रस्त्यांच्या रुंद्या बरोबर आहेत, रंग नेमाप्रमाणे भरलेत, तक्त्यांच्या बेरजा जुळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अंबरनाथच्या शिवमंदिरापासून खाली उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत वालधुनीच्या दोन्ही काठांनी तुम्ही हिरवा पट्टा ओढलात आणि त्यावर लिहिलंत, ‘नदीकाठ उद्यान व चालण्याची वाट’. त्या हिरव्या पट्ट्याखाली माणसं राहतात. तिथे चुली आहेत, पाळणे आहेत, बारावीची पुस्तकं आहेत. किती घरं आहेत, असं मी परवा विचारलं तेव्हा तुमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. सध्याच्या जमीनवापराच्या नकाशावर त्या जागी करडा ठिपका आहे आणि सूचीत त्याच्यापुढे ‘अतिक्रमण’ एवढंच लिहिलंय. घरं मोजायच्या आधी तुम्ही निकाल लावून मोकळे झालात. कुठलाही न्यायाधीश असं करत नाही, आणि तुम्हाला तर तो अधिकारही कुणी दिलेला नाही.

हे घडलं कसं, तेही तुमच्याच वहीत आहे. मंगळवारी सकाळी अकरा वाजता गाडी करून गेलात, साडेबाराला परत फिरलात. वहीत नोंद आहे, ‘बहुतांश घरे बंद’. पुढच्या तक्त्यात तीच घरं ‘रिकामी’ झाली. अरे, मंगळवारी अकराला घरी कोण असणार? बाई एका घरची धुणीभांडी उरकून दुसऱ्या सोसायटीचा जिना चढत असते. नवरा सकाळपासून नाक्यावर उभा. काम मिळालं तर साइटवर, नाही मिळालं तर अजून नाक्यावरच. मुलगा आनंदनगर एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला, मुलगी कॅम्प पाचमध्ये शिलाईच्या मशीनवर बसलेली. दाराला कुलूप आहे म्हणजे घर कामाला गेलंय. तुमच्यातल्या काहींच्या घरी त्या दिवशी ज्या बाईने पोळ्या लाटल्या असतील, तिच्याच घराला तुम्ही रिकामं ठरवलंत. संध्याकाळी सातनंतर एक फेरी मारली असतीत तर ही चूक झाली नसती. पण संध्याकाळी सातला तुम्ही परतीच्या लोकलमध्ये असता.

आता ज्या शहराचं नाव नकाशाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंत, ते कसं वसलं ते ऐका. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ उभा राहिला. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबं, लाखाच्या घरात माणसं, त्या तळावर आणून उतरवली. पाच कॅम्प, रांगेने बॅरेकी, एकेका बॅरेकीत कितीतरी कुटुंबं आणि मध्ये गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. त्या माणसांजवळ ना सातबारा होता, ना मंजूर नकाशा. सरकारने त्यांना हाकलून दिलं नाही. १९५४ साली निर्वासितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा आला, बॅरेकी आणि भूखंड राहत्या माणसांच्या नावे करून द्यायची वाट निघाली, लोकांच्या हातात सनदा पडल्या. पुढे त्याच माणसांनी फर्निचर बाजार उभा केला, जीन्सचा धंदा उभा केला, शाळा-कॉलेजं काढली. पायाखालची जागा आपली झाली की माणूस पुढचं स्वतः करतो, याचा एवढा मोठा दाखला तुमच्या नकाशाच्या मधोमध होता. तुम्ही त्यावर इतिहासाचा अर्धा परिच्छेद लिहिलात आणि त्यातून काही शिकला नाहीत.

याच शहराची दुसरी बाजूही पाहा. इथे परवानगीशिवाय उंच इमारती उभ्या राहिल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ८५५ इमारती पाडायचे आदेश झाले. तेव्हा राज्य सरकारने आधी वटहुकूम काढला आणि २००६ साली एकट्या उल्हासनगरसाठी कायदा केला: दंड भरा, बांधकाम नियमित करून घ्या. हजारो कुटुंबं रस्त्यावर येऊ नयेत ही त्यामागची काळजी मला मान्य आहे. त्याविरुद्ध मी बोलत नाही. नियमित करण्याचं काम रेंगाळलं, ही वेगळी गोष्ट. ती फार दुःखाची गोष्ट आहे, कारण मे २०२१मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन जुन्या इमारतींचे स्लॅब खाली आले आणि नेहरू चौकाजवळच्या एकाच इमारतीत सात माणसं गेली. पण मला तुमच्या नकाशाबद्दल विचारायचं आहे. त्या ८५५च्या यादीतल्या इमारती तुम्ही पिवळ्या रंगवल्यात, निवासी म्हणून. वालधुनीकाठची पत्र्याची खोली करडी. परवानगी दोघांकडेही नव्हती. मग रंग दोन का? एकाच्या दारात लिफ्ट आहे आणि दुसऱ्याच्या दारात गटार, याखेरीज दुसरं कारण तुमच्याजवळ असेल तर ते लिहून आणा. मी वाचेन.

झोपडीला मात्र तारीख लावली जाते. १९७१चा झोपडपट्टी सुधारणेचा कायदा तुम्ही पाठ केलाय, परीक्षेत लिहालही. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, त्यानंतर २०११पर्यंतच्यांना पैसे भरून घर. त्या तारखेच्या आधीचा कागद ज्याच्याकडे असेल तो पात्र. आता हा नियम या तीन शहरांत लावून बघा. २६ जुलै २००५च्या पुरात उल्हास आणि वालधुनी या नद्या घरांत शिरल्या. पत्र्याच्या पेटीतल्या रेशनकार्डांचा लगदा झाला. ज्या बाईला खिडकीवरून सांगतात की १९९९चा पुरावा आण, तिचा पुरावा नदीने नेलाय. कायद्याचं पुस्तक बघून ती अपात्र ठरते. वस्तीतल्या कुणालाही विचारा, ती तिथे केव्हापासून राहते ते तो सांगेल. तुमच्या प्रश्नावलीत शेजाऱ्याला विचारायला रकानाच नव्हता.

बदलापूरच्या भागासाठी तुम्ही कमी कष्ट घेतलेत, ते दिसतं. २००१च्या जनगणनेला कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९८ हजारांच्या आत होती, २०११ला १ लाख ७४ हजारांवर गेली. हा आकडा तुम्ही दिलात आणि त्यावर ‘परवडणाऱ्या घरांमुळे झपाट्याने वाढ’ असं लिहून पुढे गेलात. परवडणारी कुणाला? मुंबईत जागा न परवडणाऱ्या नोकरदाराला बदलापूरचा फ्लॅट परवडला. त्या फ्लॅटच्या विटा वाहणाऱ्याला, त्यात झाडूपोछा करणाऱ्या बाईला, स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्याला तो परवडला नाही. ही माणसं कडेच्या गावांतल्या बैठ्या चाळींत गेली. जमीन शेतीची, बिगरशेती झालेली नाही, नकाशा मंजूर नाही, आणि खोलीचा व्यवहार तेव्हा शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून झालेला.

अशा एका बाईने तिचे कागद माझ्यापुढे मांडले होते. पिठाच्या डब्यात प्लॅस्टिकची पिशवी, त्या पिशवीत दुसरी पिशवी. नोटरीचा कागद घडीवर फाटायला आलेला. घरपट्टीच्या पावत्या सालवार लावलेल्या, एकही चुकलेली नाही. विजेची बिलं दोऱ्याने बांधलेली. प्रत्येक पावतीवर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली, की कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. ती ओळ तिला वाचता येत नव्हती. मुलाने वाचून दाखवली होती, आणि तरी ती दर वर्षी मुदतीच्या आत भरत होती. ज्याने खोली विकली तो पैसे घेऊन केव्हाच दुसऱ्या गावी चाळी बांधायला गेला. तुमच्या अहवालात तिच्यासारख्यांना ‘बेकायदा रहिवासी’ म्हटलंय. खोली विकणाऱ्याबद्दल, त्याच्या जमिनीबद्दल, चाळीचा पाया खोदला जात असताना गप्प बसलेल्यांबद्दल एक ओळ नाही. फसवला गेलेला माणूस तुम्ही आरोपी केलात. मला तुमचा राग आला तो इथे.

अंबरनाथचं तर मूळच चुकलंय. तिथे माणूस का आला? विमकोचा आगकाड्यांचा कारखाना १९२०च्या दशकातला. मग आयुधनिर्माणी आली, मग एमआयडीसी. कारखान्याला भूखंड आखून दिले, रस्ते दिले, पाणी दिलं, वीज दिली. आयुधनिर्माणीने आपल्या कामगारांना वसाहत दिली. पण कंत्राटदारामार्फत आलेल्या, रोजावर ठेवलेल्या माणसाने रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न एमआयडीसीच्या आखणीत कधी आला नाही. शंभर कामगारांचं काम आखायचं आणि त्यांची घरं आखायची नाहीत, मग ती नाल्याकाठी, रेल्वेच्या कडेला, टेकडीच्या उतारावर उभी राहिली की नकाशावर ठिपका काढायचा. घर आखायचं राहून गेलं ते तुमच्याआधीच्या नगररचनाकारांकडून. तुम्ही त्यांच्याच पावलावर पाऊल टाकताय.

आणि नदीबद्दल जे लिहिलंत ते तर खोटं आहे. ‘काठावरील झोपड्यांमुळे वालधुनी प्रदूषित झाली.’ कुठून आणलंत हे? हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणासाठी ज्यांना दंड ठोठावला ती सांडपाणी प्रक्रिया केंद्रं होती आणि स्थानिक संस्था होत्या. कारखान्यांचं रसायन आणि तिन्ही शहरांचं मैलापाणी, त्यात पिवळ्या रंगाच्या सगळ्या इमारतींचंही मैलापाणी आलं. नोव्हेंबर २०१४च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीत कुणीतरी रसायनाचा टँकर रिकामा केला आणि काठच्या वस्त्यांतली शेकडो माणसं श्वास कोंडून रुग्णालयात गेली. लहान मुलं होती त्यात. नदी नासवली कुणी आणि छातीत भरली कुणाच्या? तुम्ही ज्याला नदीचा गुन्हेगार केलंत, त्याने नदीचं विष सगळ्यात आधी प्यायलंय. हे वाक्य अहवालातून आजच्या आज काढायचं.

मला माहीत आहे, तुमच्यातला कुणीतरी मनात म्हणत असेल की मॅडम, मग पूररेषेतली घरं तशीच ठेवायची का? नाही ठेवायची. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजाराच्या आसपास प्रवाशांना होड्यांतून काढावं लागलं. ते चित्र देशाने पाहिलं. त्याच पुरात बदलापूर पश्चिमेच्या सखल भागातली माणसं घरं सोडून वर पळाली, त्यांच्याकडे कॅमेरे कमी वळले. नदीच्या पात्रात कुणीच राहू नये, हे मी तुमच्याआधी सांगेन. पण पूररेषा सगळ्यांना सारखी लावा. बदलापूरला उल्हासची निळी आणि लाल रेषा आली तेव्हा बांधकामवाल्यांचा केवढा विरोध झाला ते जुन्या बातम्या काढून वाचा. आणि घर हलवायचं तर कुठे, हे आधी नकाशावर दाखवा. त्याच प्रभागात, कामाच्या जागेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तुमच्या अहवालात ‘पुनर्वसन इतरत्र’ असं लिहिलंय. ‘इतरत्र’ हे गाव तालुक्याच्या नकाशात मला सापडलं नाही.

घर दूर गेलं की काय होतं, याचा अनुभव या भागाला आहे. डिसेंबर २००५मध्ये केंद्राचं नेहरू नागरी अभियान सुरू झालं, त्यात शहरी गरिबांच्या घरांची बीएसयूपी योजना होती. अंबरनाथ आणि बदलापूर दोन्ही नगरपालिका त्यात होत्या. त्या अभियानाच्या सुधारणांमध्ये दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या: नव्या गृहप्रकल्पांतली विकसित जमीन वीस ते पंचवीस टक्के दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखायची, आणि पालिकेच्या अंदाजपत्रकात गरिबांच्या मूलभूत सोयींसाठी वेगळा निधी काढून ठेवायचा. इमारती उभ्या राहिल्या त्या योजनेत. पण माणूस घराबरोबर काम, शाळा, उधारी देणारं दुकान आणि अडीअडचणीला धावणारी शेजारीण घेऊन जगतो. ते सगळं मागे ठेवून चौथ्या मजल्यावर जा, असं सांगितलं की तो जात नाही, किंवा जाऊन परत येतो. मग आपण म्हणतो, यांना झोपडीतच राहायचं असतं.

त्याच योजनेतून पुण्यात येरवड्याला वेगळं काम झालं. तिथे वस्ती उठवली नाही. जागच्या जागी, जुन्या गल्ल्या ठेवून, कच्ची घरं पाडून पक्की बांधली. आधी घरोघरी मोजणी झाली, बायकांच्या गटांनी घरवाल्यांना एकत्र बसवलं, कुणाचं घर कुठे येणार ते त्यांच्यासमोर ठरलं, आणि खर्चाचा एक हिस्सा त्यांनी स्वतः भरला. योजना तीच, सरकार तेच. फरक एवढाच की तिथे आधी विचारलं गेलं. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सने तर नव्वदीच्या दशकापासून वस्त्यांचे घरागणिक नकाशे केलेत, पुण्यात केले आणि सांगलीतही केले. घर, संडास, नळ, गटार, सगळं नकाशावर. काम मराठी मुलखातलं आहे आणि ग्रंथालयात त्याची माहिती मिळते. तुमच्या संदर्भांत मला सिंगापूर दिसलं, सांगली दिसली नाही.

आणि उल्हासनगरवर लिहिताय तर कराची तरी वाचायची. या शहराच्या आजी-आजोबांपैकी कितीतरी जण तिथून आले. त्याच कराचीत ओरंगी नावाची प्रचंड वस्ती आहे, तेव्हा नकाशात नसलेली. १९८०मध्ये अख्तर हमीद खान यांनी तिथे काम सुरू केलं. सरकार गटार बांधून देत नाही म्हणून गल्लीतल्या माणसांनी गल्लीपुरता पैसा गोळा केला आणि आपल्या गल्लीचं भूमिगत गटार स्वतः घातलं. तंत्र शिकवायला इंजिनिअर होते, हात त्यांचे होते. पुढे परवीन रहमान यांनी तिथल्या तरुण पोरांना मोजणी शिकवून नाले आणि गावठाणं नकाशावर आणली. १३ मार्च २०१३ला त्यांना गोळ्या घातल्या. नकाशात आलेली वस्ती सहज बळकावता येत नाही, आणि हे जमिनी बळकावणाऱ्यांना नगररचनेच्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं कळतं. तुमच्या हातातली पेन्सिल किती मोठी गोष्ट आहे ते यावरून समजा.

न मोजण्याचं फळ काय, हे तुम्हाला अजून कळलेलं दिसत नाही. पाण्याचा तक्ता काढा. दर माणशी दिवसाला १३५ लिटर, गुणिले लोकसंख्या. रिकामी ठरवलेली घरं त्या लोकसंख्येत नाहीत. म्हणजे त्यांच्या वाटचं पाणी मागणीतच नाही. उल्हासनगर आधीच एमआयडीसीच्या पाण्यावर जगतं, अंबरनाथ-बदलापूर जीवन प्राधिकरणाच्या. जे मागितलंच नाही ते कुणी देणार नाही. मग वस्तीत काय होतं? गटाराच्या कडेने अर्ध्या इंची नळ्यांची जुडी जाते, काही ठिकाणी थेट गटारातून. पाणी रात्री केव्हातरी येतं, तेही कमी दाबाने. वरच्या घराने मोटर लावली की खालच्या नळीत हवा धरते आणि नळी जिथे फुटलीय तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. सकाळी तोच हंडा स्वयंपाकघरात जातो. मुलाला जुलाब होतात, आईचा खाडा पडतो, पगार कापला जातो. हे सगळं तुमच्या एका गुणाकारातून निघतं. वस्ती अनधिकृत म्हणून पाणी नाही, असं तर तुम्हाला म्हणताच येणार नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्येच स्पष्ट केलंय की घर कोणत्या तारखेचं आहे यावरून माणसाला पाणी नाकारता येत नाही. आणि ओल्गा टेलिसचा १९८५चा निकाल तुम्हाला मी स्वतः शिकवलाय. जगण्याच्या हक्कात पोटापाण्याचा हक्क येतो, हे त्यातलं वाक्य तुम्ही वहीत उतरवून घेतलं होतंत. नकाशा काढताना ती वही कुठे होती?

नियमांची बाजू तुम्ही नीट वाचली असतीत तर या शहरांची खरी अडचण तुमच्या हाती लागली असती, आणि मला तुमचा अभिमान वाटला असता. २०१३ साली राज्याने नियम काढला की चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्याने वीस टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांना द्यायचा. चांगला नियम. पण तो केला गेला दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. २०११च्या जनगणनेने उल्हासनगर ५ लाख ६ हजार, अंबरनाथ २ लाख ५३ हजार, बदलापूर १ लाख ७४ हजार. तिन्हींची बेरीज केली तरी दहा लाख भरत नाहीत. म्हणजे ज्या पट्ट्यात मुंबईने आपली घरं नसलेली माणसं ढकलली, तोच पट्टा त्या नियमाच्या बाहेर राहिला. प्रभाग समित्यांचंही तेच. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहर-नियोजन आणि झोपडपट्टी सुधारणा दोन्ही कामं बाराव्या अनुसूचीत घातली, पण प्रभाग समितीची सक्ती तीन लाख लोकसंख्येपासून पुढे. अंबरनाथ आणि बदलापूर त्या आकड्याखाली होते. शहर लहान म्हणून गरिबाची बसायची जागा गेली. हे लिहायला हवं होतं तुम्ही. शिफारशीत हे दोन आकडे खाली आणा अशी मागणी करायला हवी होती. तिथे तुम्ही कारंजं सुचवलंय.

उरला हरकतींचा प्रश्न. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम २६. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत हरकत. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात. नकाशा पालिकेत भिंतीवर, कार्यालयीन वेळेत. ज्याचा रोज बुडाला तर चूल पेटत नाही त्याने सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात येऊन, तुमच्या बारा रंगांच्या सूचीतून आपलं घर शोधून, लेखी हरकत द्यायची. कायदा एवढंच मागतो हे खरं. पण कायद्याने त्याहून जास्त करायला तुम्हाला बंदी केलेली नाही. नकाशा वस्तीत नेऊन लावता येतो. रविवारी लावता येतो. मराठीत, हिंदीत, कॅम्पांत सिंधीत समजावून सांगता येतो. हरकत लिहून देता येते. फेरीवाल्यांच्या २०१४च्या कायद्यात तर नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले असावे लागतात. भाजीवाली समितीत बसू शकते असं संसदेने मान्य केलंय. तुमच्या आराखड्यात स्टेशनबाहेरच्या भाजीवालीसाठी एक ओटासुद्धा नाही, वाहनतळ मात्र दुमजली आहे.

एकाने माझ्याकडे येऊन सांगितलं, मॅडम, वस्तीत गेलो तर लोक संशयाने बघतात, बोलत नाहीत. का बोलतील? त्यांच्या दारावर आजवर जो कुणी वही घेऊन आला त्याने दारावर रंगाने नंबर टाकला, आणि त्यानंतर बुलडोझर आला. तुम्ही त्यांच्याकडून विश्वास मागताय, तो आधी कमवायचा असतो. नाव सांगा, कॉलेज सांगा, माहितीचं काय करणार ते सांगा, आणि जे लिहून घेतलंत ते त्यांना वाचून दाखवा. दुसऱ्यांदा जा. तिसऱ्यांदा चहा मिळेल.

आता कामाचं. हा आराखडा मी नापास केलेला नाही, परत केलाय. सुधारून आणायला तीन आठवडे. हिरवा पट्टा पुसायचा. बाग मलाही हवी आहे, वस्तीतल्या पोरांनाही हवी आहे. ती कुठे करायची हे तिथल्या माणसांना विचारून मग काढायची. करडा रंग सूचीतून काढून टाकायचा. वस्तीला वस्तीचं नाव लिहायचं, जे नाव रिक्षावाला ओळखतो ते. प्रत्येक घर मोजायचं, कुलूप असेल तर रात्री परत जायचं. किती माणसं, कुठे काम, पाणी किती वाजता आणि किती वेळ, संडास किती पावलांवर आणि रात्री तिथे दिवा असतो का. हा शेवटचा प्रश्न बायकांना मुलींनी विचारायचा, मुलांनी तिथे उभं राहायचं नाही. पूररेषेत जी घरं येतात त्यांच्यासाठी त्याच प्रभागात जागा दाखवायची, गट नंबरासकट, आणि त्या जागेवर बेघरांच्या घरांचं आरक्षण टाकायचं. कलम १२७ परत वाचा: दहा वर्षांत जमीन घेतली नाही आणि मालकाने खरेदीची सूचना दिल्यावरही ठरलेल्या मुदतीत ती घ्यायची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. म्हणून पैसा कुठून येणार तेही लिहायचं. पैशाचं पान कोरं आलं तर मी अहवाल उघडणार नाही.

सोमवारी पहाटे पावणेपाचला अंबरनाथ स्टेशन, पूर्वेच्या तिकीटघराबाहेर. बायका पाणी भरून कामाला निघतात त्याच्या आधी आपण तिथे पोचायचं. गाडी आणायची नाही, चालत जायचं. पायात बूट घाला, गटारातून जावं लागेल, आणि नाकाला रुमाल लावायचा नाही. टेप, वही, दोन पेन. मोबाइलवर फोटो विचारल्याशिवाय काढलेला दिसला तर तिथूनच परत पाठवेन. पावणेपाच म्हणजे पावणेपाच. उठा आता.